हाताची घडी सुटल्यानंतर

पहिलीच्या वर्गात शिरून मी नुसतं "हाताची घडी" म्हटलं, की पुढचं मुलंच म्हणतात. "तोंडावर बोट" म्हणता म्हणता बोट ओठांवर पोचलेलं असतं, त्यामुळे शेवटचा शब्द कधीच पुरा ऐकू येत नाही. मी स्वतः पहिलीत होते तेव्हा मीही हेच म्हणत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. या काळात पाठ्यपुस्तकं बदलली, मूल्यमापनाचे तक्ते बदलले, फळ्याशेजारी टीव्हीचा पडदा आला. ही घडी तेवढी जागची हलली नाही.

काही वर्षांपूर्वी वर्गतपासणीला साहेब आले होते. मराठवाड्यातली आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली-दुसरी माझ्याकडे. बस्करपट्ट्यांवर मुलं ओळीत बसलेली, पाठी ताठ, बोटं तोंडावर. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, "वर्गाला उत्तम शिस्त आहे." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? त्यांना निरोप द्यायला फाटकापर्यंत गेले आणि पाच मिनिटांत परतले. एक मुलगा टेबलावर उभा होता. दोघांची पाटीवरून ओढाओढ चालली होती. कोपऱ्यात एक मुलगी रडत होती आणि तिच्या केसांत खडूची भुकटी होती. साहेबांना शांत दिसलेली तीच ही मुलं. वर्गातली शिस्त माझ्या पाठोपाठ फाटकापर्यंत गेली होती आणि माझ्याबरोबरच परत आली.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. ताबा होता कुठे? तो माझ्या डोळ्यांत होता, आवाजात होता, मी उभी राहते त्या जागेत होता. मुलांच्या आत नव्हता. आणि आपल्याला तो मुलांच्या आत हवा असेल, तर वर्षानुवर्षं आपण जे करतो ते उलट्या दिशेचं आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

या आतल्या ताब्याला बालमानसशास्त्रात स्वनियमन म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट रोजची आहे. राग आला तरी उगारलेला हात थांबवणं. कंटाळा आला तरी उदाहरण पुरं करणं. खेळात मन रमलेलं असताना घंटा झाली की ते तिथून सोडवून वाचनाकडे आणणं. पडलो, लागलं, रडू आलं, तर रडून झाल्यावर आपलं आपण सावरणं. यात थांबणं जितकं आहे तितकंच सुरू करणंही आहे. न समजलेलं विचारायला हात वर करणं हेसुद्धा स्वनियमन आहे, कारण तिथे मूल स्वतःच्या भीतीला आवर घालत असतं. म्हणून धाकाने दिवसभर गप्प बसलेलं मूल आणि स्वतःला आवरू शकणारं मूल ही दोन वेगळी मुलं. बाहेरून सारखी दिसतात, त्यामुळे आपली फसगत होते.

या विषयावर आयुष्यभर काम केलेल्या ॲडेल डायमंड या संशोधिका या कौशल्याच्या मुळाशी तीन क्षमता सांगतात: सांगितलेलं डोक्यात धरून ठेवणं, आलेली ऊर्मी रोखणं आणि परिस्थिती बदलली की विचाराची दिशा बदलणं. मेंदूचा कपाळामागचा भाग हे काम करतो आणि तो पुरता तयार व्हायला विशी उलटून जाते. सहा वर्षांच्या मुलाकडून आपण जी अपेक्षा धरतो ती पुरी करणारं यंत्र त्याच्या डोक्यात अजून बनतंय. तोवर ते मोठ्यांकडून उसनं घेतं. तान्हं बाळ आजीने खांद्यावर टाकून थोपटलं की निवतं, कारण आजी निवांत असते. आजीच घाबरीघुबरी झाली तर बाळ आणखी आकांत करतं. पहिलीतलं मूल याहून फार पुढे गेलेलं नसतं. मी ओरडून "शांत बसा" म्हणते तेव्हा मुलांना शब्द ऐकू येतात शांततेचे आणि आवाज ऐकू येतो अशांततेचा. त्यातलं ती आवाजाचं ऐकतात.

हे कौशल्य महत्त्वाचं आहे यात शंका नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा संशोधकांनी जन्मापासून पाठपुरावा केला. टेरी मॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली त्यातून एक निष्कर्ष मांडला. लहानपणी ज्यांचा स्वतःवर ताबा जास्त होता, त्यांची वयाच्या बत्तिशीत तब्येत बरी होती, पैशाअडक्याचा व्यवहार सावरलेला होता आणि गुन्ह्यांकडे वळणाऱ्यांत ती कमी होती. बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती हिशोबात धरूनही हा फरक उरला.

पण अशा निष्कर्षाचा आपल्याकडे भलताच उपयोग होतो, आणि माझं खरं भांडण तिथे आहे. पालक मेळाव्यात, व्याख्यानांत, मोबाइलवरच्या संदेशांत एक गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञाने मुलांसमोर एकेक गोड गोळी ठेवली आणि सांगितलं, मी परत येईपर्यंत थांबलात तर दोन देईन. जी थांबली ती आयुष्यात यशस्वी झाली, ज्यांनी लगेच तोंडात टाकली ती मागे पडली. गोष्ट सांगून झाली की वक्ते समोरच्या पालकांकडे पाहतात आणि पालक शेजारी बसलेल्या आपल्या मुलाकडे. त्या मुलाच्या चेहऱ्याकडे मी अनेकदा पाहिलं आहे.

तो शास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत त्याने हे प्रयोग सुरू केले. पण आपल्याला सांगितली जाते ती गोष्ट अर्धी आहे. मिशेलला सर्वांत जास्त कुतूहल होतं ते मुलं थांबतात *कशी* याचं. थांबणारी मुलं दात-ओठ खाऊन बसलेली नव्हती. ती डोळ्यांवर हात घेत होती, पाठ फिरवत होती, गाणी म्हणत होती. समोरची गोळी म्हणजे ढग आहे अशी कल्पना करायला सांगितल्यावर मुलं अधिक वेळ थांबली. म्हणजे थांबणं ही युक्ती आहे, आणि युक्ती शिकवता येते. दुसरं म्हणजे, ती मुलं एका नामांकित विद्यापीठाच्या आवारातली होती. २०१८ साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या थरांतल्या नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा थांबण्याचा आणि पुढच्या प्रगतीचा संबंध मूळ दाव्याच्या निम्माच निघाला. घरची परिस्थिती आणि आधीची बौद्धिक तयारी लक्षात घेतल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश भाग गळून पडला. एका गोळीवरून कुणाच्या पोराचं भविष्य सांगता येत नाही, एवढं तरी मेळाव्यातल्या वक्त्यांनी आता मान्य करावं.

या सगळ्या संशोधनातला मला सर्वांत जवळचा वाटतो तो अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी केलेला प्रयोग, २०१३ साली छापून आलेला. पण तो सांगण्याआधी माझ्या वर्गातला एक प्रसंग सांगते, कारण मला तो प्रयोग कळला तो या प्रसंगामुळे.

वर्गात गोष्टीच्या पुस्तकांची एक पत्र्याची पेटी आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी मुलांना सांगितलं, उद्या मधल्या सुट्टीनंतर पेटी उघडू. दुसऱ्या दिवशी मला मतदार यादीच्या कामाला जावं लागलं. तिसऱ्या दिवशी कुठलीशी माहिती दुपारी बारापर्यंत ऑनलाइन भरून पाठवायची होती, नेट येत-जात होतं, त्यात दुपार गेली. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "एवढं लेखन पुरं करा, मग पेटी उघडू." पुढच्या ओळीतली एक मुलगी उठली, सरळ पेटीपाशी गेली आणि कडी काढून पुस्तकं बाहेर ओढायला लागली. एरवी ही मुलगी शांत, समजूतदार. मी रागावले. "मी काय सांगितलं होतं?" ती पुस्तक छातीशी धरून म्हणाली, "बाई, तुमचा उद्या येतच नाही."

किडने काय केलं होतं? तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांचे दोन गट केले. गोळी दाखवण्याआधी मुलांना चित्र काढायला बसवलं आणि सांगितलं, थोडं थांबा, याहून छान रंग आणून देते. एका गटाला खरंच आणून दिले. दुसऱ्या गटाला थोड्या वेळाने येऊन सांगितलं, माफ करा, नाहीयेत आमच्याकडे. मग गोळीचा प्रयोग झाला. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. शब्द मोडलेल्या गटातली तीन मिनिटं. पहिल्या गटातल्या १४ पैकी ९ मुलांनी पूर्ण पंधरा मिनिटं काढली, दुसऱ्या गटातल्या एकाच मुलाने. मुलांच्या स्वभावात काही फरक नव्हता. फरक होता समोरच्या मोठ्या माणसाच्या बोलण्याला किंमत आहे की नाही याचा.

माझी ती मुलगी उतावीळ झाली नव्हती. तिने तीन दिवसांचा हिशोब केला होता आणि तो बरोबर होता. ज्या घरात, ज्या शाळेत "नंतर" कधी येत नाही, तिथे हाती आलेलं आताच घेणारं मूल शहाणं असतं. आपण त्याला हावरट म्हणतो.

आता हा प्रश्न माझ्या एकटीच्या सचोटीचा नाही, सार्वजनिक आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ मधलं कलम २७ सांगतं की दहा वर्षांनी येणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला कोणतंही अशैक्षणिक काम देऊ नये. या अपवादांच्या फटीतून आणि फटीबाहेरूनही आमच्याकडे किती काम येतं हे गावातल्या शाळेत एक आठवडा बसून पाहा. शिक्षक संघटना याविरुद्ध बोलतात ते अध्यापनाचे तास बुडतात म्हणून. तास बुडतात हे खरंच आहे. मला त्याहून मोठं नुकसान वेगळं दिसतं. बाई येणार होत्या, आल्या नाहीत. गोष्ट होणार होती, झाली नाही. सहाव्या वर्षी मूल जगाबद्दल जो अंदाज बांधतं, त्यात हे सगळं जाऊन बसतं. बुडालेला पाठ जूनमध्ये भरून काढता येतो. हा अंदाज मोडून पुन्हा बांधायला फार दिवस लागतात.

आमच्या गावातली बरीच घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. दुसरीतला एक मुलगा असाच मार्चअखेर परत आला. वर्गात तो दहा मिनिटं एका जागी बसत नसे. उठायचा, खिडकीशी जायचा, कुणाच्या तरी दप्तरात डोकवायचा. मी त्याच्या नावापुढे मनातल्या मनात "चंचल" लिहून टाकलं होतं. एका संध्याकाळी शाळेच्या फाटकाबाहेर तो दिसला. कडेवर दीड-दोन वर्षांची बहीण, हातात कागदाच्या पुडीत थोडे कुरमुरे. बहीण पुडीवर झेप घेत होती. याने पुडी वर उचलली, "ती बघ कावळ्याची शाळा" म्हणत तिला तारेवरचे कावळे दाखवले, ते मोजायला लावले, आणि मोजून झाल्यावर एकेक कुरमुरा तिच्या मुठीत दिला. ती सगळे एकदम तोंडात कोंबून ठसकू नये म्हणून. त्याने स्वतः एकही खाल्ला नाही. मिशेलने मुलांना ढगाची कल्पना करायला शिकवली तेच हे, फक्त कुणी न शिकवता. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर, आई-वडील उसाच्या फडात गेल्यावर चुलीपासून, खड्ड्यापासून धाकट्यांना सांभाळणाऱ्या पोराला तुम्ही संयम नाही म्हणणार?

कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी समाजातल्या चार वर्षांच्या मुलांबरोबर बेटिना लाम, हायडी केलर आणि इतरांनी गोड गोळीचाच प्रयोग केला होता, तिथल्या तळलेल्या गोड पदार्थावर. जवळजवळ सत्तर टक्के मुलं शेवटपर्यंत थांबली. त्याच वयाच्या जर्मन मध्यमवर्गीय मुलांतली अठ्ठावीस टक्केच थांबली. तेव्हा गरिबाघरची, खेड्यातली, भटकी मुलं "आवरत नाहीत" हा समज आपण शिक्षकांनी आधी आपल्या डोक्यातून काढला पाहिजे. त्या मुलाकडे ताबा होता. तो बस्करपट्टीवर आणण्यासारखं काही मी त्याला दिलं नव्हतं. पाच महिने तो जिथे होता तिथे दिवसाला काही ठरीव आकार नव्हता. इथे आल्यावर मी त्याला आकार द्यायच्या ऐवजी नुसती घडी घालायला सांगत होते.

आकार त्याला खेळाने दिला.

तळ्यात-मळ्यात सगळ्यांना माहीत आहे. जमिनीवर रेघ, एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला मळा. सांगणारा "तळ्यात" म्हणाला की उडी मारून तळ्यात, "मळ्यात" म्हणाला की मळ्यात. खरी गंमत तो दोनदा "मळ्यात" म्हणतो तेव्हा. पाय सुटलेले असतात आणि सुटलेले पाय धरून ठेवायचे असतात. हा मुलगा पहिल्या दिवशी तिसऱ्या-चौथ्या हाकेलाच बाद झाला. बाद झाल्यावर सांगणाऱ्याला ढकललं, मग मी त्याला बाजूला घेतलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा रेघेवर. चौथ्या-पाचव्या दिवशी मी जवळ उभी होते म्हणून मला ऐकू आलं, तो अगदी हलक्या आवाजात पुटपुटत होता. "थांब. थांब. मळ्यात. थांब. तळ्यात." सांगणाऱ्याच्या आधी स्वतःच स्वतःला हुकूम देत होता. टाचा वर उचललेल्या, मुठी आवळलेल्या, नजर सांगणाऱ्याच्या ओठांवर. त्या दिवशी शेवटच्या तिघांत तो उरला.

लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी हे पुटपुटणं ओळखलं होतं. तो १९३४ साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेला, पण सांगून गेला की आधी मोठी माणसं मुलाला सूचना देतात, मग मूल त्याच सूचना मोठ्याने स्वतःला देतं, मग हलक्या आवाजात, आणि शेवटी तो आवाज आत जाऊन विचार होतो. त्याच परंपरेतल्या मनुइलेन्को यांनी १९४० च्या दशकात पाहिलं की नुसतं "हलू नकोस" सांगितलेलं मूल लवकर हलतं, आणि खेळात पहारेकरी झालेलं तेच मूल कितीतरी जास्त वेळ निश्चल उभं राहतं. कारण पहारेकरी हलत नसतो. नियम बाहेरून लादलेला राहत नाही, तो त्या भूमिकेतच असतो.

आणि आपण काय करतो? गणित करताना मूल पुटपुटलं की "तोंड बंद, मनात वाच" म्हणतो. पहिली-दुसरीत मी हे वर्षानुवर्षं म्हटलं आहे. आतला आवाज तयार होत असतानाच त्याच्यावर बोट ठेवलं.

अमेरिकेत ओरेगनमधल्या मेगन मॅक्लेलंड यांनी शाळापूर्व मुलांचं स्वनियमन मोजायला एक चाचणी केली. "डोक्याला हात लाव" म्हटलं की मुलाने पायाला लावायचा, "पायाला" म्हटलं की डोक्याला. ही चाचणी वाचली तेव्हा मला आमच्या ओट्यावरची दुपार आठवली. चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड. म्हशीला बोट वर गेलं की डाव गेला. शिवाजी म्हणतो, विषामृत, रुमालपाणी, स्टॅच्यू, या प्रत्येक खेळात ऐकणं आहे, लक्षात धरणं आहे, सुटलेलं अंग धरून ठेवणं आहे. डायमंड सांगतात त्या तिन्ही क्षमता. या खेळांना साहित्य लागत नाही, अनुदान लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही. वेळ लागतो आणि जागा लागते, आणि आपण नेमक्या याच दोन गोष्टी मुलांकडून काढून घेतल्या. शहरात जागा गेली, शिकवणीत वेळ गेला. शाळेत परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो. सर्वांत वाईट म्हणजे, ज्या मुलाला स्वतःला आवरता येत नाही त्याची शिक्षा म्हणून आपण त्याचीच मधली सुट्टी आणि त्याचाच खेळ बंद करतो. अशक्त मुलाला शिक्षा म्हणून उपाशी ठेवावं, तसं हे आहे.

माझे सहकारी मला म्हणतात, बाई, हे बोलायला सोपं. चाळीस पोरांच्या वर्गात एकाची मनःस्थिती बघत बसलो तर बाकीच्या एकोणचाळिसांचं काय? या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते टाळणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली, ते योग्यच केलं. पण छडी काढून घेतली तेव्हा शिक्षकाच्या रिकाम्या हातात दुसरं काही ठेवलं गेलं नाही. चिडून वर्ग डोक्यावर घेणाऱ्या मुलासमोर काय करायचं हे बी.एड., डी.एड. झालेल्या आम्हाला कुणी करून दाखवलं नाही. मग जे राहिलं ते आवाज चढवणं. प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक हे कायद्यातलं प्रमाण. पण तीस मुलं दोन-तीन इयत्तांची असली की एकाच वेळी तीन वर्ग चालवावे लागतात. हे सगळं बदलल्याशिवाय "मुलांच्या भावनांकडे लक्ष द्या" असं परिपत्रक काढणं म्हणजे शिक्षकालाच हाताची घडी घालायला लावणं.

तरीही त्या तीस मुलांत काही करता येतं. मला सर्वांत उपयोगी पडले ते आपल्याच भाषेतले शब्द. सहा वर्षांचं मूल सगळ्याला "राग आला" म्हणतं. मी विचारायला लागले, रुसलास की चिडलास? हिरमोड झाला का? धास्ती वाटली का? ओशाळलास का? प्रत्येक शब्दाला वेगळं औषध आहे. रुसलेल्याची कुणीतरी समजूत काढायला यायला हवं असतं, त्याला एकटं सोडलं तर तो आणखी आत जातो. चिडलेल्याला नेमकं एकटं सोडावं लागतं, पाण्याच्या टाकीपर्यंत एक चक्कर मारून येऊ द्यावी लागते. हिरमोड झालेल्याला दुसरी संधी कधी आहे ते नक्की सांगावं लागतं. डिसेंबरपर्यंत मुलं स्वतः येऊन सांगायला लागली, "बाई, मी चिडलो न्हाई, रुसलोय." ज्याला आपलं काय बिनसलंय ते सांगता येतं, त्याचं अर्धं आवरून झालेलं असतं. याला वर्गाचा आकार आड येत नाही.

शांततेलाही माझा विरोध नाही. मारिया माँटेसोरी १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धामुळे इथेच अडकून १९४६ पर्यंत राहिल्या. त्यांच्या पद्धतीत शांततेचा खेळ आहे. सगळी मुलं मिळून आवाज न करता बसून पाहतात, मग बाई दुरून, कुजबुजत्या आवाजात एकेकाचं नाव घेतात, आणि ज्याचं नाव येईल ते मूल पाऊल न वाजवता उठून जातं. आपलं नाव येईपर्यंत श्वास रोखून बसलेली मुलं पाहिल्यावर हाताची घडी किती उथळ आहे ते कळतं. इथेही शांतता आहे, पण ती मुलांनी मिळून रचलेली आहे, आणि तिच्याशेवटी त्यांचं नाव आहे. ताराबाई मोडकांनी माँटेसोरींचे विचार घेतले आणि १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. महागडी साधनं सोडून गावात मिळणाऱ्या वस्तूंवर बालवाडी उभी केली. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला अनुताई वाघांनी तेच काम वाढवलं. मुलाला आपल्या शिस्तीत बसवण्याआधी आपण त्याच्या दिवसात जाऊन बसायचं, ही रीत आपल्याच मातीत ऐंशी वर्षांपूर्वी करून दाखवलेली आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्याने खेळाला आणि सामाजिक-भावनिक वाढीला मोठं स्थान दिलं, याचा मला आनंद आहे. पण आम्हाला हे परक्या पाहुण्यासारखं सादर केलं गेलं, आमच्या घरातलं माणूस म्हणून नाही.

एका गोष्टीची मात्र मला खरोखर भीती वाटते. स्वनियमन हा शब्द आता प्रशिक्षणांत वारंवार येतो. शब्द लोकप्रिय झाला की त्याचा रकाना होतो, रकान्यात श्रेणी येते, आणि मग प्रगतिपुस्तकात "स्वनियमन: क" घेऊन सहा वर्षांचं मूल घरी जातं. त्याच्या घरी दोन वेळची चूल पेटते का, रात्री झोप होते का, संध्याकाळी घरात आरडाओरडा होतो का, हे त्या "क"मध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. अर्धवट झोपेतलं मूल चिडतंच, हे शासनाला मान्य आहे, तर मग त्याच्या चिडण्याला श्रेणी कशी देणार? जे कौशल्य मोठ्यांच्या वागण्यातून मुलात उतरतं, त्याचे गुण मुलाला देणं अन्याय आहे. मोजायचंच असेल तर वर्गाला दिलेले शब्द किती पाळले गेले ते मोजा. खेळाचे तास किती झाले ते मोजा.

या महिन्याच्या आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी दोन गोष्टी लेखी मांडणार आहे. मधली सुट्टी किंवा खेळाचा तास शिक्षा म्हणून कुणाही मुलाचा काढून घेऊ नये, हे केंद्रातल्या सगळ्या शाळांनी ठरावात घ्यावं. आणि वर्गतपासणीत, शेरा लिहिण्याआधी, शिक्षकाला पाच मिनिटं वर्गाबाहेर पाठवून मुलं काय करतात ते अधिकाऱ्यांनी पाहावं. पहिली काही वर्षं आमचे शेरे वाईट येतील. येऊ देत.

पेटीचं वेळापत्रक मात्र मी परिषदेची वाट न पाहता बदललं. ती आता दर शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर उघडते. कडीला लहानसं कुलूप लावलं आहे आणि किल्ली त्या मुलीकडे असते, गळ्यातल्या दोऱ्यात. मागच्या शुक्रवारी मला तालुक्याला बैठकीला जावं लागलं. सोमवारी आल्यावर पाहिलं, पुस्तकं पेटीत जागच्या जागी होती आणि फळ्याच्या कोपऱ्यात वेड्यावाकड्या अक्षरांत तिने लिहून ठेवलं होतं, "शुक्रवारी पेटी उघडली. ११ पुस्तके."